‘ब्रेक फेल’ म्हणणं आता बंद करा



आज पिकाची नोंद नाही. कांद्याची बराख फोडलीय, या आठवड्यात दोन गाड्या भरायच्यात, आणि गाड्यांवरून जे डोक्यात साचलंय ते लिहितोय. लांबलंय जरा. पण ज्याच्या घरातला एक जरी माणूस स्टेअरिंगवर बसतो त्यानं शेवटपर्यंत वाचावं.

घाटात मालाची गाडी गेली की दुसऱ्या दिवशी पेपरात वाक्य ठरलेलं असतं. ‘ब्रेक निकामी झाल्याने चालकाचा ताबा सुटला.’ माळशेज असो, कसारा असो, बोरघाट असो नाहीतर खंबाटकी, वाक्य तेच. गाव बदलतं, मेलेल्यांचा आकडा बदलतो. वाचणारा म्हणतो, अरेरे, ब्रेकच फेल झाला, त्याला बिचारा ड्रायव्हर तरी काय करणार. जणू काही वीज पडली. जणू त्या गाडीच्या नशिबातच होतं.

माझं म्हणणं असं की घाटात फेल झालेल्या ब्रेकांपैकी बरेचसे ब्रेक घाटाच्या तोंडाशी एकदम चांगले असतात. हवा भरलेली, लायनर ठीक, ड्रम ठीक. खाली येईपर्यंत ते जाळले जातात. आणि ते जळू नयेत म्हणून कंपनीनं त्याच गाडीत आणखी एक ब्रेक दिलेला असतो, त्याचं बटण कुणी दाबत नाही. एक्झॉस्ट ब्रेक म्हणतात त्याला. आमच्याकडचे ड्रायव्हर नुसतं ‘एक्झॉस’ म्हणतात.

कुणी म्हणेल, शेतकऱ्यानं शेतीचं लिहावं, गाडीचं तुला काय कळतं. तर दहावी झाल्यावर घरची जमीन भावाकडं होती, मी सहा वर्षं गाडीवर काढली. दोन वर्षं क्लीनर, चार वर्षं ड्रायव्हर. त्या काळी बऱ्याच गाड्यांना हा ब्रेक नव्हताच. माझ्या उस्तादनं मला एकच गोष्ट कानाला धरून शिकवली होती : घाट ज्या गिअरमध्ये चढतोस त्याच गिअरमध्ये उतरायचा. चढताना दुसरा लागला तर उतरताना दुसराच. गाडी इंजिनवर उतरवायची, ब्रेकला नुसता मदतीला बोलवायचं. ज्या गाडीत फक्त इंजिनाचाच रोध होता त्या काळातली ही शिकवण. आता त्याच इंजिनाचा रोध कितीतरी वाढवणारी वस्तू गाडीत बसवून मिळते, आणि आमची पोरं न्यूट्रल करून उतरतात. ह्याला प्रगती म्हणायची का?

आधी ही वस्तू काय ते सांगतो, कारण माल भरणाऱ्या दहातल्या नऊ जणांना माहीत नसतं.

इंजिनातून धूर जिथनं बाहेर पडतो त्या नळीत एक झडप बसवलेली असते. फुलपाखराच्या पंखासारखी गोल चकती, मधोमध दांडा. आपल्या मोटरच्या पाइपलाइनला बटरफ्लाय व्हॉल्व्ह असतो ना, तसंच डिझाइन. एरवी ती चकती धुराच्या दिशेनं आडवी, धूर आरामात जातो. ड्रायव्हरनं अ‍ॅक्सिलेटरवरचा पाय काढून बटण दाबलं की हवेच्या टाकीतली हवा एका छोट्या सिलिंडरमध्ये जाते, तो लिव्हर ढकलतो, चकती फिरते आणि नळी जवळजवळ बंद होते. त्याच वेळी डिझेलही बंद होतं. आता इंजिनात जळत काहीच नाही. चाकं गिअरमधून इंजिनाला फिरवतायत, आणि पिस्टन जी हवा बाहेर ढकलायला बघतोय तिला बाहेर जायला वाट नाही.

फवारणीचा पाठीवरचा पंप घ्या. नोझल बंद करा आणि दांडा मारत राहा. पहिले चार-पाच हात हलके जातात, मग दांडा जड होतो, मग तुमच्या खांद्याला कळतं. तेच इथं होतं. नळीत तीन-चार किलोचा दाब तयार होतो आणि प्रत्येक पिस्टन वर येताना त्या दाबाशी झगडतो. त्या झगड्यात गाडीचा जोर जिरतो. इंजिन जितकं जास्त फिरतंय तितका रोध जास्त, म्हणून खालचा गिअर पाहिजे. आणि न्यूट्रलमध्ये? न्यूट्रलमध्ये चाकांचा आणि इंजिनाचा संबंधच तुटलेला. बटण दाबा नाहीतर आख्खा पाय ठेवा त्याच्यावर, काही होणार नाही.

दाब वाटेल तितका वाढू देत नाहीत, हेही सांगून ठेवतो. फार वाढला तर इंजिनाचे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह त्यांच्या स्प्रिंगा दाबून भलत्या वेळी उघडतील. म्हणून कुठं चकतीला बारीक भोक असतं, कुठं ती पूर्ण बंदच होत नाही. कंपनीनं हिशोब करून दिलेलं असतं. त्यामुळं ‘एक्झॉसनं इंजिन खराब होतं’ म्हणणाऱ्या मिस्त्रीचं ऐकायचं कारण नाही. त्यावर पुढं येतोच.

आता दहावीच्या पुस्तकातलं एक गणित करू. वजन गुणिले गुरुत्व गुणिले उंची. शाळेत ते पाठ केलं, मार्क घेतले आणि विसरलो. दहाचाकी गाडी मालासकट २८ टन धरा, म्हणजे २८ हजार किलो. हिशोब सोपा जावा म्हणून घाट ३०० मीटर खाली उतरतो असं धरा. २८ हजार गुणिले ९.८ गुणिले ३००. उत्तर येतं सव्वाआठ कोटी ज्यूलच्या आसपास. गाडी वरून खाली आणायची आणि वेग वाढू द्यायचा नाही, तर एवढी सगळी ऊर्जा वाटेत कुठंतरी उष्णता होऊन गेली पाहिजे. थोडी टायर खातात, थोडी समोरचा वारा खातो. बाकीची कुणी खायची?

सव्वाआठ कोटी म्हणजे किती ते डोळ्यापुढं येत नाही. तर एवढ्या उष्णतेत साधारण २६० लिटर गार पाणी उकळतं. पेट्रोलपंपावर मिळतो तो २०० लिटरचा पत्र्याचा बॅरल भरून घ्या आणि वर आणखी तीन हंडे. एवढं पाणी उकळवायला चुलीत किती लाकूड घालावं लागेल ते घरातल्या बाईमाणसाला विचारा. ती आच तुम्ही दहा चाकांच्या मधल्या लोखंडी ड्रममध्ये घालताय, तीही पंधरा-वीस मिनिटांत.

ड्रमला ना पाणी, ना पंखा. चाकाच्या आत कोंडलेला असतो तो. तीनशे-चारशे अंशांवर गेला की लायनरची पकड सुटायला लागते. ड्रम तापून फुगतो, म्हणजे लायनरला त्याच्यापर्यंत पोचायला जास्त लांब जावं लागतं, आणि सिलिंडरच्या दांड्याची धाव तिथंच संपते. ड्रायव्हर पाय दाबतोय, हवा जातेय, दांडा पूर्ण बाहेर आलाय आणि गाडी थांबत नाही. वर तो घाबरून ब्रेक पंप करायला लागतो, प्रत्येक दाबागणिक टाकीतली हवा कमी. करपलेला वास, चाकातून धूर. ह्यालाच पेपरवाले ब्रेक निकामी झाला म्हणतात. अहो, निकामी झाला नाही, त्याच्या ताकदीबाहेरचं काम त्याला दिलं. बैलाला पाच बैलांची गाडी जुंपली आणि तो बसला तर बैल निकामी का?

आणि दुसरीकडं इंजिन बघा. त्याला रेडिएटर आहे, पाण्याचा पंप आहे, मोठा पंखा आहे. उष्णता बाहेर टाकणं हाच त्याचा दिवसभराचा धंदा. चढताना तेच इंजिन याहून जास्त आच सोसतं. म्हणजे गाडीतला जो भाग उष्णता टाकायला बनवलाय त्याला सुट्टी, आणि जो बनवलेला नाही त्याच्या गळ्यात सगळा भार.

वेगाचंही तसंच. जिरवायची उष्णता एकूण तेवढीच, पण तुम्ही निम्म्या वेगानं उतरला तर ती जिरवायला दुप्पट वेळ मिळतो. एक्झॉस ब्रेकची ताकद ४० च्या वेगानं सुटलेली भरलेली गाडी धरायला कमीच पडते, हे ड्रायव्हर सांगतात आणि ते खोटं नाही. पण तीच गाडी २० ला खालच्या गिअरमध्ये आणा. मग बराचसा घाट तो ब्रेक एकटा सांभाळतो आणि पायाच्या ब्रेकला अधूनमधून हात लावावा लागतो. अट एकच, गिअर उताराच्या आधी टाकायचा. एकदा गाडी साठला गेली की तिसरा पडत नाही, गिअर खडखडतो, मध्येच अडकतो, आणि गाडी न्यूट्रलमध्येच राहते. मग देवाचं नाव.

आता मुख्य दुखण्यावर येतो. डिझेल.

न्यूट्रल का करतात? डिझेल वाचतं म्हणून. काही मालक खेपेला डिझेल ठरवून देतात. वाचलं तर ड्रायव्हरचं, जास्त लागलं तर त्याच्या पगारातून. डिझेल नव्वदीच्या घरात गेलंय. त्या पोराला घाटाचा उतार म्हणजे फुकटची कमाई दिसते. मी त्याला एकट्याला दोष देत नाही. पण कमाई आहे का, ते तरी बघू.

गाडी गिअरमध्ये आहे, अ‍ॅक्सिलेटरवर पाय नाही, चाकं इंजिनाला ओढतायत. अशा वेळी इंजिन डिझेल घेतच नाही. एक थेंब नाही. नव्या गाडीत कॉम्प्युटर बंद करतो, जुन्या पंपाच्या गाडीत गव्हर्नर रॅक मागं ओढून बंद करायचा. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिनाला स्वतःच्या जिवावर चालू राहायचंय, म्हणून ते डिझेल पितच राहतं. म्हणजे खड्या घाटात न्यूट्रल करणारा डिझेल वाचवत नाही, उलट जाळतो. आणि वर लायनर जाळतो, त्याचा खर्च वेगळा. हे मी किती जणांना सांगितलं असेल! हसतात. ‘तात्या, गाडी गिअरमध्ये ओढून धरल्यावर डिझेल खाणारच ना?’ इंजिनाचा आवाज मोठा येतो म्हणून त्यांना वाटतं खातंय. आवाज हवेचा असतो बाबांनो.

खोटं बोलायचं नाही म्हणून दुसरी बाजूही सांगतो. सौम्य उतारावर, जिथं गिअरमध्ये गाडी मंद होत जाते, तिथं न्यूट्रलला गाडी लांबवर घरंगळते आणि थोडं डिझेल वाचतं. हे खरं आहे. आणि माणसं अशाही जागी मरतात. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलं की नवले पुलापर्यंत उतारच उतार. खडा घाट नाही, म्हणून भीती वाटत नाही. बोगदा संपला की गाडी मोकळी सोडायची. खाली शहर आहे, सर्व्हिस रोड आहे, रिक्षा, दुचाक्या, कामावरनं घरी निघालेली माणसं. २० नोव्हेंबर २०२२ ला रात्री तिथं एका मालाच्या गाडीनं ४८ च्या आसपास गाड्या उडवल्या. टीव्हीवर सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं तो चुराडा. आधी आणि नंतरही तिथं माणसं गेली. रम्बलर टाकले, कॅमेरे लावले, ‘वाहन न्यूट्रल करू नका’ असे फलक लावले. लावा, चांगलंच आहे. पण फलक वाचून बटण जिवंत होत नाही.

आणि काही बहाद्दर तर न्यूट्रलवरही थांबत नाहीत, इंजिनच बंद करतात. इंजिन बंद म्हणजे हवेचा कॉम्प्रेसर बंद. टाकीत आहे तेवढीच हवा, दाबाल तशी संपणार. पॉवर स्टेअरिंग गेलं, चाक दगडासारखं. २८ टन घेऊन हा माणूस तुमच्या पोरीच्या स्कूटीच्या मागं येतोय. वाचवतोय किती? फार तर अर्धा लिटर.

बटण मेलेलं का असतं, हे मी गेली काही वर्षं विचारतोय. उत्तरं साधारण सारखीच मिळतात.

एक, चकती काजळीनं जाम झाली. हा ब्रेक रोज वापरला तर चकती हलती राहते. महिनोन् महिने वापरला नाही की काजळी बसते आणि ती अर्धवट उघडी किंवा अर्धवट बंद अशी चिकटते. अर्धवट बंद चिकटली की गाडी चढाला दम खाते, काळा धूर मारते. मग मिस्त्री काय करतो? साफ करायला अर्धा दिवस जाणार, म्हणून हवेची नळी काढून गाठ मारतो आणि चकती तारेनं उघडी बांधून टाकतो. गाडी पळायला लागली, मालक खूश. दोन, बटणाची वायर तुटली, कोण बघतो. तीन, मालकानंच सांगितलं, ‘ते लावू नको, टर्बो जाईल.’ टर्बो जायचा तर तो खराब ऑइलनं जातो, तापलेलं इंजिन एकदम बंद केल्यानं जातो. कंपनीनं स्वतः बसवून दिलेली वस्तू स्वतःच्याच टर्बोला मारायला दिलीय का? चार, ‘आता एबीएस आलंय तात्या, एक्झॉसची गरज नाही.’ हे ऐकलं की मी कपाळावर हात मारतो. एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, गाडी घसरू देत नाही. ड्रम थंड करणं त्याचं काम नाही. जळालेल्या लायनरवर एबीएस काय करणार?

दुरुस्तीचा खर्च म्हणाल तर कांद्याच्या चार पिशव्यांच्या पैशात होतं बहुतेक वेळा. गाडीवर मालकाचं नाव रंगवायला, झुंबर आणि हॉर्न लावायला याहून जास्त जातात.

मागच्या वर्षीची गोष्ट. बराखीतून २०० पिशव्या वाशीला जायच्या होत्या, माळशेजनं. गाडी आली, ड्रायव्हर शेजारच्या गावचा, पंचविशीतला. मी हमालांना थांबवून त्याला विचारलं, ‘एक्झॉस चालू आहे का रे?’ तो हसला. ‘तात्या, ते बटण आठ महिने झाले मेलंय. शेठला दोनदा सांगितलं.’ खाली वाकून टॉर्च मारली. लिव्हर गंजलेली, हवेच्या नळीचं तोंड चिंधीनं बांधलेलं. बाहेर जून महिन्याचा पाऊस, घाटात धुकं. मी म्हणलं, माल भरणार नाही. मालकाला फोन लावला तर तो म्हणाला, ‘तुम्ही कांदा बघा, गाडी आम्ही बघतो.’ व्यापाऱ्याचा फोन आला, भाडं कोण देणार, बाजार चुकेल. हमाल बसून राहिले, त्यांची अर्धी हजेरी मी दिली. गाडी रिकामी परत गेली. दुसऱ्या दिवशी दुसरी गाडी आली, तोवर भाव किलोला पन्नास पैशानं उतरला होता. १० टनाला पाच हजार रुपये गेले माझे. गावात अजून सांगतात, तात्यानं बटणासाठी पाच हजार घालवले.

घालवले. आणि यंदाही तसंच काही आढळलं तर घालवीन. कारण गाडी घाटातून खाली गेली तर पेपरात काय छापून येतं ते मला माहीत आहे. ‘कांदा घेऊन जाणारा ट्रक.’ कुणाचा कांदा ते छापत नाहीत, पण मला माहीत असणार ना. आणि ते पोर, ज्याच्या आईला मी बाजारात भेटतो, ते चाकामागं बसलेलं असतं. मालक नसतो तिथं, व्यापारी नसतो. मिस्त्री तर नसतोच.

माझा राग मालकावर आहे, हे उघडच आहे. पण माल भरणारे आपण शेतकरी, व्यापारी, आडते, यांच्यावरही आहे. आपण भाडं ठरवताना काय विचारतो? किती टन बसेल आणि किती घेणार. जो दोन टन जास्त टाकून पाचशे कमी घेतो तो आपला माणूस. मग त्यानं पैसे कुठनं काढायचे? त्याच्या हातात दोनच गोष्टी आहेत, डिझेल आणि देखभाल. दोन्हीवर तो हात मारतो. वजनकाट्यावर एक किलो कमी दाखवला तर आपण आभाळ डोक्यावर घेतो, आणि तोच माल ज्या गाडीवर चाललाय तिच्याबद्दल एक प्रश्न नाही. पासिंगचंही तेच. दिवे लागतात का, वायपर चालतो का, रिफ्लेक्टर आहे का, सगळं बघतात. एक्झॉसचं बटण दाबून बघणारा माणूस निदान मला तरी आजवर भेटलेला नाही.

उगाच वाटायला नको की ही आपल्याच ड्रायव्हरांची खोड आहे. अमेरिकेत क्लेसी कमिन्स नावाचा इंजिन बनवणारा माणूस होता. त्याच्या नावाच्या कंपनीचा कारखाना आपल्या पुण्यात कोथरूडला कित्येक वर्षांपासून आहे. १९३१ साली तो स्वतः एका डिझेल ट्रकवर होता, कॅलिफोर्नियात कहोन खिंड उतरताना ब्रेकांनी दम सोडला. खाली रेल्वेचं फाटक, आणि मालगाडी जात होती. थोडक्यात वाचले. ती भीती त्याच्या डोक्यातनं गेली नाही. पुढं त्यानं इंजिनालाच ब्रेक करायची वेगळी युक्ती शोधली, ती १९६१ पासून बाजारात आली. ती आपल्या या झडपेपेक्षा निराळी आहे, तिच्यात दाबलेली हवा पिस्टन वर पोचताना सोडून देतात. पण म्हणणं तेच : उतारावर गाडी इंजिनानं धरायची. एवढं मोठं इंजिन बनवणारा माणूस भ्याला, आणि आमचा पंचविशीतला पोरगा एका हातानं मोबाइल धरून न्यूट्रलला उतरतोय.

हा ब्रेक म्हणजे जादू नाही, हेही लिहून ठेवतो, नाहीतर उद्या कुणी फक्त त्याच्यावर भरवसा ठेवून जाईल. गाडी उभी करायला तो उपयोगाचा नाही, थांबवायला पायाचाच ब्रेक लागतो. रिकामी गाडी आणि ओला रस्ता असेल तर सांभाळून, कारण तो फक्त इंजिनाला जोडलेल्या मागच्या चाकांवर काम करतो, ती घसरू शकतात. माळशेजच्या पावसात रिकामी परतणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवा. आणि एक्झॉस लावल्यावर पाठीमागचा लाल दिवा लागेलच असं नाही, म्हणून मागची गाडी जवळ असेल तर ब्रेकच्या पेडलला हलका पाय लावून तिला दिवा दाखवा.

पिकअपवाल्यांनी हसू नये. तुमच्या गाडीला एक्झॉस नाही, म्हणून हे तुमच्यासाठी नाही असं नाही. उलट जास्त आहे. दीड टनाच्या गाडीत टोमॅटोचे क्रेट आभाळाला लावून तीन टन भरता आणि पहाटेच्या झोपेत घाट उतरता. तुमचा ब्रेक ऑइलचा. ऑइल तापून उकळलं की पेडल फुसकन खाली जातं, खाली काहीच लागत नाही. इंजिन बंद केलं तर बूस्टरची ओढ एक-दोन दाबातच संपते आणि पेडल दगड होतं. तुमच्याकडं एकच दुसरा ब्रेक आहे, खालचा गिअर. आणि उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यांबद्दल लिहायला बसलो तर रात्र होईल. ट्रॉलीला ब्रेकच नसतो, त्याचं वेगळं लिहीन हंगाम सुरू झाल्यावर.

आता गाडी बघायची कशी ते सांगतो, पाच मिनिटांचं काम आहे. हवा पूर्ण भरू द्या. एक माणूस खाली टॉर्च घेऊन, इंजिनाच्या धुराच्या नळीवर, लिव्हर आणि छोटा हवेचा सिलिंडर दिसेल तिथं. ड्रायव्हरला सांगा, रेस वाढव, पाय सोड आणि बटण दाब. जुन्या गाडीत बटण खाली क्लचजवळ पायात असतं, नव्या गाडीत स्टेअरिंगच्या दांडीवर किंवा डॅशबोर्डवर. लिव्हर झटक्यात हलली पाहिजे, आणि बटण सोडल्यावर तितक्याच झटक्यात परत गेली पाहिजे. इंजिनाचा आवाज घुसमटल्यासारखा होतो. जुन्या काही गाड्यांत उभ्या गाडीवर बटण दाबून धरलं तर इंजिन बंदच पडतं, घाबरू नका, ते डिझेल बंद करतं म्हणून. नव्या काही गाड्यांत उभ्या गाडीवर काहीच होत नाही, चालत्या गाडीतच लागतो, तिथं ड्रायव्हरला रस्त्यावर एक चक्कर मारून दाखवायला सांगा. लिव्हर अर्धी हलून अडकली तर चकती जाम आहे. लिव्हर हललीच नाही आणि हवेचा फुस्स आवाजही नाही, तर वायर किंवा हवेची नळी. नळी बांधलेली, तार गुंडाळलेली दिसली तर फोटो काढा आणि भरायच्या आधी गाडीमालकाला पाठवा. फोनवर बोलू नका, फोटोच पाठवा, फोनवर सगळे म्हणतात बघतो.

पहिली गाडी परवा सकाळी सातला येणार आहे. मालकाला कालच कळवलंय की हमाल आठला येतील, मधला तास गाडीखाली जाणार आहे.